कुत्रा घरात एकाचेच ऐकतो, तेव्हा बाकीच्यांनी काय करावे?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. घरात तुम्ही, तुमचा मोठा भाऊ आणि आई-वडील असे चौघे राहता. भावाने आणलेला जर्मन शेफर्ड नर आता १४ महिन्यांचा आहे. त्याला फिरवणे, खायला घालणे, शिकवणे हे सगळे आजवर भावानेच केले आहे आणि कुत्रा फक्त भावाचेच ऐकतो. तुम्ही हाक मारली तर मान वळवून बघतो आणि पुन्हा आपल्या उद्योगाला लागतो. दार उघडताच तुम्हाला ढकलून बाहेर पडतो. सोफ्यावरून उतरवायला गेलात तर अलीकडे गुरगुरतो. आई जेवताना ताटातला घास देते आणि वडिलांना तो सोफ्यावर शेजारी बसलेला आवडतो. त्याला एकदा उताणा पाडून जमिनीवर दाबून धरले की मालक कोण ते त्याला कळेल, असे भावाचे म्हणणे आहे. आता त्याच्यावर वचक कसा बसवावा, की सरळ महिनाभर प्रशिक्षण केंद्रात ठेवावे, असे तुम्ही विचारले आहे.

यात दोन वेगळ्या गोष्टी गुंतल्या आहेत. कुत्रा ऐकत नाही, हा शिकवणीचा आणि घराच्या शिस्तीचा भाग आहे आणि तो सावकाश सुधारता येतो. कुत्रा गुरगुरतो, हा सुरक्षिततेचा भाग आहे आणि त्याकडे आजच लक्ष द्यायला हवे. पाळीव कुत्र्यांना आणि त्यांच्या घरच्यांना शिकवण्याच्या कामात मला पुन्हा पुन्हा दिसत आले आहे की, हट्टी म्हणून माझ्याकडे आणलेला कुत्रा बहुधा फार हुशारीने शिकलेला असतो. कोणासमोर काय चालते, किती वेळा दुर्लक्ष केले की माणूस नाद सोडून देतो, कोणत्या खुर्चीपाशी बसले की घास मिळतो, हे त्याने अचूक टिपलेले असते. तुमचा कुत्राही तेच करतो आहे. त्यामुळे बदल त्याच्या स्वभावात घडवण्याआधी तुम्ही चौघे त्याला रोज काय शिकवत आहात त्यात घडवावा लागेल.

सर्वांत आधी पशुवैद्याकडे जा. हे मी औपचारिकता म्हणून सांगत नाही. जर्मन शेफर्डमध्ये खुब्याच्या सांध्याचा आनुवंशिक दोष बऱ्याच प्रमाणात आढळतो आणि तो तरुण वयातही त्रास देऊ शकतो. ज्याचे खुबे दुखतात त्याला सोफ्यावरून उडी मारणे नकोसे होते आणि पट्टा धरून ओढणारा हात म्हणजे येणाऱ्या वेदनेची सूचना वाटते. कानाचा संसर्ग असेल तर मानेजवळ गेलेला हातही तसाच वाटतो. डॉक्टरांना नुसते ‘गुरगुरतो’ एवढेच सांगू नका. उतरताना की उतरवायला गेल्यावर, सकाळी उठल्यावर की भरपूर पळून आल्यावर, कोणत्या बाजूला हात लागला तेव्हा, हे तपशील सांगा. तो घरात उठतो, बसतो, पायऱ्या चढतो याचा व्हिडिओ नेता आला तर उत्तम, कारण दवाखान्यातल्या ताणात कुत्र्याचे हलकेसे लंगडणे दिसेनासे होऊ शकते. वेदना असेल तर पुढची सगळी शिकवण उपचारानंतर.

वेदना नाही असे गृहीत धरू. तरी त्याचे वय आणि त्याची झोप या दोन गोष्टी परिस्थितीवर परिणाम करतातच. वयाविषयी इंग्लंडमधल्या न्यूकॅसल विद्यापीठातल्या संशोधकांचा २०२० साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास तुमच्या घराला नेमका लागू पडतो. गाइड डॉग, म्हणजे अंधांना वाट दाखवणारे कुत्रे, होण्यासाठी वाढवल्या जाणाऱ्या पिल्लांना ५ महिन्यांच्या आणि ८ महिन्यांच्या वयात ‘बस’ म्हणून पाहिले गेले. ८ महिन्यांची झालेली पिल्ले स्वतःला सांभाळणाऱ्या माणसाचे आधीपेक्षा कमी ऐकत होती. अनोळखी माणसाचे ऐकणे मात्र तसे कमी झालेले नव्हते. म्हणजे पौगंडावस्थेतला हा विरोध घरच्यांच्याच वाट्याला येतो आणि तो बऱ्याच अंशी ओसरतो. मोठ्या जातींत मानसिक प्रौढत्व यायला दीड-दोन वर्षे किंवा त्याहून अधिकही लागतात. या काळात आपण काय पक्के करतो ते पुढे टिकते, म्हणून घाबरून कठोर होऊ नये आणि सोडूनही देऊ नये. झोपेचे म्हणाल तर प्रौढ कुत्रासुद्धा दिवसातले १२ ते १४ तास झोपतो. चौघांच्या वर्दळीत सोफा हीच त्याला शांत जागा वाटत असेल तर तो ती राखणारच. कोपऱ्यात त्याची स्वतःची गादी हवी आणि तिथे असताना त्याला कोणीही, प्रेमानेसुद्धा, हात लावू नये.

आता भावाच्या सल्ल्याविषयी. कुत्र्याला दाबून धरण्याची कल्पना लांडग्यांच्या एका जुन्या निरीक्षणातून आली. रुडॉल्फ शेंकेल यांनी स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या प्राणिसंग्रहालयातल्या बंदिस्त लांडग्यांवर लिहिलेला अभ्यास १९४७ साली प्रसिद्ध झाला. कळपात वरचे स्थान झगडून मिळवले जाते, ही समजूत त्यातून पसरली. ज्यांच्या १९७० च्या पुस्तकाने ही समजूत लोकप्रिय केली, त्याच लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मेक यांनी पुढे कॅनडातल्या एल्समियर बेटावर मोकळ्या लांडग्यांचे अनेक उन्हाळे निरीक्षण केले आणि १९९९ साली लिहिले की, नैसर्गिक कळप म्हणजे बहुधा आई-बाप आणि त्यांची पिल्ले असे कुटुंब असते; तिथे वरचढपणाची लढाई नेहमीची नसते. शिवाय कुत्रा म्हणजे लांडगा नव्हे, आणि आपण कुत्रे नाही हे त्याला चांगले कळते.

हा झाला सिद्धान्त. प्रत्यक्षातला धोका त्याहून महत्त्वाचा आहे. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या पशुवैद्यक रुग्णालयातल्या संशोधकांनी २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासासाठी वर्तनाच्या तक्रारींसाठी आणलेल्या कुत्र्यांच्या मालकांकडून माहिती घेतली. कुत्र्याला उताणे पाडून दाबून धरणाऱ्यांपैकी ३१ टक्के आणि मारणाऱ्या किंवा लाथ घालणाऱ्यांपैकी ४३ टक्के मालकांनी सांगितले की, त्यावर कुत्र्याने आक्रमक प्रतिक्रिया दिली. हे कुत्रे आधीच अडचणीत असलेले होते, त्यामुळे ही टक्केवारी सरसकट सगळ्या कुत्र्यांना लावता येणार नाही. पण तुमचा कुत्रा आज गुरगुरतो आहे, म्हणजे तो याच गटातला आहे. भाऊ अंगाने बळकट असल्याने कदाचित त्याला दाबून धरू शकेल. मग त्याच कुत्र्यासमोर आईने वाकून काही उचलले तर काय होईल, याची जबाबदारी भावाला घेता येणार नाही. एकाच्या ताकदीवर उभा राहिलेला धाक घरातल्या दुसऱ्या माणसाच्या कामाचा नसतो. अनेकदा भीतीची परतफेड सर्वांत दुबळ्या माणसाला करावी लागते.

मग भावाचे तो का ऐकतो? माझ्या मते ते धाकामुळे नाही. फिरायला जाणे, खाणे, दार उघडणे, खेळ हे सगळे भावाच्या हातून येते आणि भाऊ बहुधा एकदाच सांगतो. ‘बस’ म्हटल्यावर बसले तर पट्टा लागतो, नाही बसले तर लागत नाही. शेकडो वेळा असे घडल्याने भावाच्या शब्दाला अर्थ आला आहे. तुमच्या शब्दामागे मात्र काहीच येत नाही, किंवा चार वेळा म्हटल्यावर ओरडणे येते, किंवा तुम्हीच उठून दुसरीकडे जाता. कुत्र्याच्या दृष्टीने अधिकार म्हणजे या माणसाच्या शब्दानंतर काय घडते याचा खात्रीचा अनुभव. तो प्रत्येक माणसाला स्वतःच कमवावा लागतो. भाऊ तो तुम्हाला देऊ शकत नाही.

सुरुवात करायची ती कुत्र्याला बाजूला ठेवून, चौघांनी बसून. माझ्या अनुभवात निम्म्याहून अधिक काम याच बैठकीत होते किंवा बिघडते. दहा नियम करू नका, कारण ते कोणी पाळणार नाही. तीन पुरेत: दारातून परवानगीने बाहेर पडणे, जेवताना गादीवर थांबणे, सोफ्यावर बोलावल्याशिवाय न चढणे. शब्दही एकच ठरवा. एका घरात ‘खाली’ हा शब्द आडवे होण्यासाठी, सोफ्यावरून उतरण्यासाठी आणि अंगावरून पाय काढण्यासाठी असा तिन्ही अर्थांनी वापरला जात होता. त्या कुत्र्याने तो शब्द ऐकणेच सोडून दिले होते. तुम्ही आडवे होण्यासाठी ‘झोप’, सोफ्यावरून येण्यासाठी ‘उतर’ आणि वाट पाहण्यासाठी ‘थांब’ ठेवा, कागदावर लिहा आणि सगळ्यांना दिसेल तिथे लावा.

वडिलांना त्याचा सहवास हवा आहे, तर तो काढून घेऊ नका. काढून घेतलात तर ते तुमच्या पाठीमागे देतील आणि नियम तिथेच मोडेल. सोफ्यावर एका टोकाला ठरावीक चादर घातलेली असेल तेव्हाच वर यायचे, तेही वडिलांनी बोलावल्यावर, आणि ‘उतर’ म्हटल्यावर उतरायचे, अशी सोय करता येते. चादर हा कुत्र्याला दिसणारा स्पष्ट संकेत असतो आणि तो फार लवकर शिकतो. फक्त सध्या, गुरगुरणे पूर्ण थांबेपर्यंत, कुत्र्यासाठी सोफा पूर्ण बंद ठेवा, वडिलांनी बोलावले तरीही. कोणी बसलेले नसताना त्यावर खुर्च्या उलट्या ठेवल्या तरी चालेल; वाद घालण्यापेक्षा वादाची जागाच मिटवणे बरे.

आईच्या घासाचे काम नाजूक आहे, कारण ते प्रेमाचे आहे. पण दहा वेळा मागून एकदा मिळणारा घास हा प्रत्येक वेळी मिळणाऱ्या घासापेक्षा मागण्याची सवय अधिक चिवट करतो, ही शिकण्याच्या शास्त्रातली पक्की गोष्ट आहे. आणखी एक लक्षात ठेवा: घास बंद केल्यावर पहिले काही दिवस मागणे वाढते. तो भुंकेल, पंजा मारेल, मांडीवर डोके ठेवेल. नेमक्या त्याच वेळी कोणाचे मन द्रवले तर त्याला कळते की अधिक जोर लावला की मिळते, आणि सवय आधीपेक्षा पक्की होते. म्हणून आईला ‘देऊ नका’ म्हणू नका, काम द्या. तिच्या वाट्याचा खाऊ एका डब्यात ठेवा आणि सगळ्यांचे जेवण होईपर्यंत तो गादीवर राहिला तर तिने स्वतः जाऊन गादीवरच तो द्यावा. जिथे देण्याचा आनंद कायम ठेवला तिथे आया शेवटपर्यंत नियम पाळतात, असे मी पाहिले आहे. तरीही जमत नसेल तर जेवणाच्या वेळी मध्ये जाळीचे फाटक लावा. त्यात हार मानण्यासारखे काहीही नाही.

सर्वांत कठीण भूमिका भावाची आहे. तुम्ही ‘ये’ म्हटले, कुत्रा आला नाही आणि आतल्या खोलीतून भावाने दरडावले की कुत्रा लगेच येतो. यातून त्याने शिकले ते हे की, तुमचा शब्द म्हणजे भाऊ बोलण्याआधीचा आवाज आहे आणि त्यावर हलण्याची गरज नाही. म्हणून तुम्ही काम करत असाल तेव्हा भावाने गप्प राहायचे, शक्यतो घराबाहेर जायचे. त्याचबरोबर त्याने रोजचे एक फिरणे आणि एक जेवण तुमच्याकडे सोपवायला हवे. मनाने तयार व्हायला त्याला वेळ लागेल, कारण ‘माझेच ऐकतो’ यात अभिमान असतो. तो हिरावून घ्यायचा नाही, पण कुत्रा चौघांबरोबर राहतो हे त्याच्याशी शांतपणे बोलायलाच हवे.

आता तुमचा आणि कुत्र्याचा भाग. रोजच्या खाण्यातला निम्मा हिस्सा भांड्यात न घालता खिशात ठेवा आणि दिवसभरात तीन-चार मिनिटांच्या छोट्या सत्रांत वापरा. शांत खोलीत, त्याच्या नावाने हाक मारा. बघितले की एक दाणा द्या. ‘बस’, ‘ये’, ‘थांब’ हे त्याला भावाबरोबर येते. तुमच्याबरोबर ते पहिल्यापासून शिकवायचे आहे असे समजा, कारण एका माणसाबरोबर आणि एका खोलीत शिकलेली गोष्ट कुत्रे आपोआप दुसरीकडे लागू करत नाहीत. शब्द एकदाच म्हणा. तीन सेकंद थांबा. नाही केले तर रागावू नका, पुन्हा म्हणू नका. मागे वळा, अर्धा मिनिट दुर्लक्ष करा आणि मग सोपे काही मागा. जे होणार नाही असे तुम्हाला आधीच दिसते आहे ते सांगूच नका. तो गच्चीवरून मांजराकडे टक लावून बघत असताना ‘ये’ म्हणणे म्हणजे तो शब्द वाया घालवणे आहे. अशा वेळी जवळ जाऊन पट्टा लावा.

दार हा तुमचा सर्वांत चांगला वर्ग आहे, कारण बाहेर जाणे त्याला खाऊपेक्षाही प्रिय आहे. पट्टा लावलेला असू द्या. कडीला हात लावा. तो पुढे घुसला तर हात काढून घ्या. बसला किंवा नुसता मागे सरला तरी पुन्हा कडीकडे जा. दार बोटभर उघडा. पुढे आला तर बंद करा, मात्र त्याचे नाक किंवा पंजा अडकणार नाही हे बघून. शब्द नाहीत, ओढाताण नाही. पहिल्या दिवशी यात बराच वेळ जाईल, म्हणून घाईच्या वेळी करू नका. काही दिवसांत तो दारापाशी स्वतःहून थांबून तुमच्याकडे बघेल. त्या बघण्याची वाट पाहा आणि बघितल्याबरोबर ‘चल’ म्हणा. कोणालाही ढकलावे लागले नाही आणि तरीही दार तुमच्या शब्दावर उघडले. हेच जेवणाचे भांडे ठेवताना आणि चेंडू टाकताना करा.

‘उतर’ शिकवताना त्याचा गळपट्टा धरायचा नाही. एका बुटक्या, रुंद पाटावर सुरुवात करा. ‘उतर’ म्हणा, मग खाऊ जमिनीवर दूर टाका. तो उतरला की शाबासकी द्या आणि पुन्हा वर बोलवा. शब्द आधी आणि खाऊ नंतर हा क्रम सांभाळा, म्हणजे काही दिवसांनी हात रिकामा असला तरी तो शब्दावर उतरेल. मग खाऊ कधी तरी द्या, पण चांगले बोलणे रोज असू द्या. घरात असताना छातीपट्ट्याला एक हलकी, गाठ नसलेली दोरी अडकवून ठेवली तर हात त्याच्या मानेजवळ न नेता त्याला बाजूला घेता येते. मात्र कोणी लक्ष ठेवून नसेल तेव्हा ती दोरी काढा, नाही तर कुठे तरी अडकेल.

आतापर्यंतचे थोडक्यात सांगायचे तर आधी डॉक्टर, मग चौघांची बैठक आणि मोजके नियम, मग दार, जेवण आणि फिरणे यांतून तुमचा स्वतःचा शब्द. गुरगुरण्याविषयी मात्र वेगळे सांगायला हवे.

गुरगुरल्याबद्दल त्याला कधीही शिक्षा करू नका. गुरगुरणे ही सूचना आहे आणि सूचना देणारा कुत्रा चावणे टाळतो आहे. शिक्षेने सूचना बंद होते, अस्वस्थता तशीच राहते आणि पुढच्या वेळी तो न सांगता चावू शकतो. गुरगुरला की जागीच थांबा, डोळ्यांत बघू नका, अंग किंचित वळवा आणि सावकाश दूर व्हा. यावर मला नेहमी विचारले जाते की, माघार घेतली तर तो जिंकल्यासारखे होणार नाही का. एकदा मागे सरल्याने फार काही बिघडत नाही. तेच पुन्हा पुन्हा घडू दिले तर बिघडते. म्हणून त्या क्षणी सुरक्षित राहा आणि पुढच्या वेळी तो प्रसंग येणारच नाही अशी व्यवस्था करा. सोफा बंद ठेवण्यामागे हेच कारण आहे. गुरगुरण्याच्या आधीचे इशारे ओळखायला चौघांनीही शिकावे: ओठ चाटणे, तोंड एकदम मिटणे, अंग ताठ होणे, मान न वळवता डोळ्यांचा पांढरा भाग दिसेल असे बघणे. यांतले काही दिसले की तिथेच थांबा. घरी लहान मुले येणार असतील तर त्यांना आणि कुत्र्याला एका खोलीत एकटे सोडू नका, क्षणभरही नाही. दात लागण्यापर्यंत गोष्ट आधीच गेली असेल, किंवा खाण्याच्या भांड्याजवळ आणि अनोळखी माणसांवरही गुरगुरणे सुरू झाले असेल, तर माझ्या या उत्तरावर विसंबू नका. वर्तनाचा अभ्यास असलेल्या पशुवैद्याला प्रत्यक्ष दाखवा. आणि चांगल्या वेळी, घाई नसताना, त्याला जाळीदार मुसक्यात आनंदाने तोंड घालायला शिकवून ठेवा.

सुधारणा मोजायची असेल तर एका वहीत रोज फक्त एवढे लिहा: तुमच्या पहिल्या हाकेला तो किती वेळा आला आणि गुरगुरला का, असल्यास कुठे. नियम चौघांनी पाळले तर दारातला फरक काही आठवड्यांत दिसतो. हाकेला खात्रीने येणे महिने घेते. मध्ये एखादा आठवडा सगळे उलटे फिरल्यासारखे वाटेल. तेव्हा आधी वही बघा आणि मग त्या दिवसांत घरात काय बदलले होते ते बघा. पाहुणे, आजारपण, चुकलेले फिरणे यांतले काही ना काही सापडतेच.

राहिला प्रशिक्षण केंद्राचा प्रश्न. महिनाभर तिथे ठेवल्यास तो तिथल्या माणसाचे ऐकायला शिकेल, याबद्दल मला शंका नाही. पण तो परत येईल ते त्याच सोफ्याकडे, त्याच ताटाकडे आणि ज्यांच्या शब्दामागे काही येत नाही अशाच माणसांकडे. तेवढाच पैसा घरी येऊन शिकवणाऱ्या माणसावर खर्च करा. त्याला आधी दोन प्रश्न विचारा: कुत्र्याने बरोबर केले तर तुम्ही काय करता, आणि चुकले तर काय करता? दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात काट्यांचा पट्टा, विजेचा पट्टा, झटका किंवा दाबून धरणे आले, तर नम्रपणे नकार द्या. आणि जो कुत्र्याला एकट्याला घेऊन काम करू इच्छितो पण तुमच्या आईला, वडिलांना आणि भावाला समोर बसवून त्यांच्या हातून काम करवून घ्यायला तयार नाही, त्यालाही नको म्हणा.